किटलीभर दूध आणि एक अणू

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी झँथीन ऑक्सिडेज हे एन्झाइम घेतलं, कारण ते दुधात मिळतं आणि दूध स्वस्त. प्राण्यांच्या शरीरात मॉलिब्डेनम या धातूवर चालणारी एन्झाइमं मोजकीच. त्यातलं हे दुधातल्या स्निग्ध कणांभोवतीच्या पडद्यात असतं. मलई काढली की निम्मं काम झालं, असा माझा हिशेब.

पहिल्या दिवशी पिशवीचं दूध नेलं. कितीही फिरवलं तरी मलई बोटाला लागेल एवढीच. होमोजिनाइज केलेल्या दुधातले कण इतके बारीक फोडलेले असतात, की ते वर येतच नाहीत. मग पहाटे पाचला किटली घेऊन गोठ्यावर.

"ताई, एवढ्या दुधाचं करता काय हो?"

"मॉलिब्डेनम असतंय यात, दादा."

"आम्ही तर गाईला कधी घातलं नाही बाई!"

चाऱ्यातून रोज घालत होते की!

मलईत ब्यूटेनॉल, मग अमोनियम सल्फेट. प्रथिनाचा साका तळाशी बसतो हे डोक्यात पक्कं, म्हणून वरचा थर मी बेसिनमध्ये ओतला. एन्झाइम त्या वर तरंगणाऱ्या तपकिरी थरातच होतं. किटलीभर दूध गेलं. त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही.

दुसऱ्या खेपेला तो थर जपला. तपकिरी रंग लोह-गंधकाचा आणि फ्लेविनचा. मॉलिब्डेनम नजरेला दिसत नाही. एन्झाइमच्या रेणूचे दोन अर्धे भाग. सुमारे दीड लाख डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) वजनाच्या एकेका भागात त्याचा एकच अणू, पण झँथीनचं युरिक ॲसिड होतं ते त्याच्यापाशीच. त्यात जोडला जाणारा ऑक्सिजनही हवेतला नसतो, पाण्यातला असतो. हे मला दोनदा वाचावं लागलं.

युरिक ॲसिड 295 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजतात. प्लास्टिकच्या क्युवेटमधून, म्हणजे नमुना ठेवायच्या छोट्या भांड्यातून, तो प्रकाश जात नाही, हे कळायला एक दुपार गेली. क्वार्ट्‌झची मागून आणली आणि आलेखावर युरिक ॲसिडची रेघ चढायला लागली. उकळलेल्या नमुन्यात ती आडवीच राहिली.

शेवटी ॲलोप्युरिनॉल घातलं. आजोबा गाऊटसाठी, म्हणजे युरिक ॲसिड साचून होणाऱ्या सांधेदुखीसाठी, घेतात तेच औषध. एन्झाइम आधी त्याचंच ऑक्सिप्युरिनॉल करतं आणि ते मॉलिब्डेनमला धरून बसतं. म्हणून रेघ एकदम थांबली नाही. वाकत वाकत आडवी झाली. तो आलेख मी घरी नेला.

आजोबांनी चष्मा लावून पाहिला. "म्हणजे मी आता दूध सोडू?"

"दूध नाही, आजोबा. गोळी सोडू नका."