टँटलमच्या पत्र्यावर न्यूट्रॉन ट्रान्समिशन: लायब्ररीतला आकडा पडताळताना

मोजलेला क्रॉस-सेक्शन (न्यूट्रॉन अणूशी आंतरक्रिया करण्याची शक्यता सांगणारा आकडा) लायब्ररीतल्या, म्हणजे अशा तपासलेल्या आकड्यांच्या संग्रहातल्या, आकड्याशी जुळला नाही, तर लगेच लायब्ररीवर संशय घेऊ नये. आधी नमुना, मग बॅकग्राउंड (मोजणीत मिसळलेले नको ते काऊंट), मग वेळ-अंतराचं गणित, आणि शेवटी लायब्ररी. टाइम-ऑफ-फ्लाइट पद्धतीने (न्यूट्रॉनला ठरावीक अंतर कापायला लागलेल्या वेळेवरून त्याची ऊर्जा काढून) टँटलमचं ट्रान्समिशन मोजताना मी हाच क्रम पाळतो.

ट्रान्समिशन म्हणजे नमुना बीममध्ये असतानाची आणि नसतानाची मोजणी यांचं गुणोत्तर. त्यात डिटेक्टरची कार्यक्षमता कटून जाते, हे या पद्धतीचं सगळ्यात मोठं बळ. पण मग सगळा भार नमुन्यावर येतो. सूत्रात क्रॉस-सेक्शन एकटा येत नाही, क्षेत्रघनतेला (बीमसमोर दर क्षेत्रफळामागे किती अणू आहेत त्या संख्येला) गुणूनच येतो, म्हणून क्षेत्रघनतेतली १ टक्का चूक निकालातही १ टक्काच राहते. मायक्रोमीटरने जाडी मोजून घनतेने गुणणं मला पटत नाही, कारण पत्रा सगळीकडे सारखा नसतो. वजन करायचं आणि क्षेत्रफळ कॅमेऱ्याने मोजायचं. ०.१ मिलिमीटर टँटलमसाठी प्रति बार्न (क्रॉस-सेक्शन मोजायचं क्षेत्रफळाचं अतिसूक्ष्म एकक) सुमारे ०.०००५५ अणू येतात. एवढ्यावरच ४.२८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेझोनन्सच्या (ज्या ऊर्जेवर क्रॉस-सेक्शन एकदम उसळतो त्या जागेच्या) शिखरावर जवळजवळ काहीच पार होत नाही, उपयोगाची माहिती दोन्ही बाजूंच्या उतारांवरच मिळते. शिखरासाठी वेगळा पातळ पत्रा हवा. मात्र फार पातळही नको: क्षेत्रघनता गुणिले क्रॉस-सेक्शन ०.१ असेल, तर ट्रान्समिशनमधली १ टक्का चूक क्रॉस-सेक्शनमध्ये १० टक्के होते. हा गुणाकार २ च्या आसपास ठेवला की मोजणीचा वेळ सार्थकी लागतो.

पावडर वापरायची वेळ आली तर दाण्यांचा आकार तपासा. दाट-विरळ भाग असले तर विरळ भागातून न्यूट्रॉन निसटतात, आणि शिखरावरचा क्रॉस-सेक्शन खरा आहे त्याहून कमी दिसतो. ओल धरणारी पावडर आणखी त्रास देते: हायड्रोजनमुळे होणारं न्यूट्रॉनचं विखुरणं जवळपास सपाट असतं, ते सगळ्या ऊर्जांवर पसरतं.

बॅकग्राउंडसाठी असे फिल्टर लागतात ज्यांच्या रेझोनन्सवर बीम पूर्ण अडतो: चांदी ५.२, टंगस्टन १८.८, कोबाल्ट १३२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सोडियम २.८५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्या जागी जे काऊंट उरतात ते बॅकग्राउंड. नमुना घातला की बॅकग्राउंडही बदलतं, म्हणून निदान एक फिल्टर नमुन्यासह आणि नमुन्याशिवाय, दोन्ही वेळा बीममध्ये कायम ठेवतो. मागच्या पल्समधले संथ न्यूट्रॉन थोपवायला कॅडमियमचा पत्रा लागतोच. दोन्ही स्थिती आलटून-पालटून, लहान लहान सत्रांत मोजायच्या, म्हणजे बीमचा चढउतार दोन्हींत सारखा वाटला जातो. डेड-टाइमची (एक काऊंट नोंदवल्यावर यंत्र पुढचा घेऊ शकत नाही त्या क्षणाची) दुरुस्तीही विसरू नका: नमुना नसताना काऊंट जास्त असतात, त्यामुळे तिथेच जास्त गळतात, ट्रान्समिशन फुगतं आणि क्रॉस-सेक्शन कमी दिसतो.

ऊर्जेचं गणित सोपं आहे: मायक्रोसेकंदातली वेळ = ७२.३ × मीटरमधलं अंतर ÷ इलेक्ट्रॉनव्होल्टमधल्या ऊर्जेचं वर्गमूळ. १० मीटरवर ४.२८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रॉन सुमारे ३५० मायक्रोसेकंदांत पोचतो. अंतर १ सेंटीमीटरने चुकलं तर प्रत्येक रेझोनन्स ०.२ टक्क्याने सरकतो. शून्य वेळ (न्यूट्रॉन निघाल्याचा क्षण) १ मायक्रोसेकंदाने चुकली तर ४.२८ वर जेमतेम ०.६ टक्का फरक पडतो, १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर मात्र जवळपास ९ टक्के. सरकणं सगळीकडे सारख्या टक्क्याने असेल तर अंतर बघा, ऊर्जेसोबत वाढत असेल तर शून्य वेळ. शून्य वेळ गॅमा-फ्लॅशवरून, म्हणजे पल्ससोबत निघून प्रकाशाच्या वेगाने डिटेक्टरवर पोचणाऱ्या गॅमा किरणांच्या झोतावरून, ठरते. त्यातून प्रकाशाला तेवढं अंतर कापायला लागणारे सुमारे ३३ नॅनोसेकंद वजा करायचे असतात.

तुलना करताना ट्रान्समिशनचा लॉगॅरिथम घेऊन थेट क्रॉस-सेक्शन काढू नका. डॉप्लर रुंदीकरण (नमुन्यातल्या अणूंच्या उष्णतेच्या हालचालीमुळे होणारं) आणि यंत्राचं रिझोल्युशन (जवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची मर्यादा) आधीच वक्र पसरवून बसलेले असतात. लायब्ररीतले रेझोनन्स पॅरामीटर घ्यायचे, नमुन्याचं तापमान आणि रिझोल्युशन त्यात मिसळायचं, ट्रान्समिशन गणिताने काढायचं, आणि ते मोजलेल्या वक्रावर ठेवायचं. सॅमी किंवा रिफिट ही सॉफ्टवेअर हेच करतात. उरलेल्या फरकाचा आकार बरंच सांगतो: रेझोनन्सच्या एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असेल तर ऊर्जा चुकली आहे, दोन्ही बाजूंना सारखाच असेल तर रुंदी किंवा तापमान, सगळीकडे सपाट असेल तर नॉर्मलायझेशन (दोन्ही मोजण्या एकाच मापावर आणणं).

हे सगळं तपासूनही पातळ आणि जाड, दोन्ही पत्र्यांत तोच फरक त्याच दिशेने उरला, तरच मी पॅरामीटरकडे बोट दाखवतो. तेव्हाही दोन लायब्ररी एकमेकींशी जुळतात एवढ्यावर विसंबत नाही, कारण अनेकदा दोघींनी एकच मूल्यमापन उचललेलं असतं.