धूर लॉग, सीझन तिसरा: किनाऱ्यावर गायब होणारा धूर सापडला

गेले दोन सीझन एकच गोष्ट डोक्यात भुणभुणत होती. अंगोला, झांबिया, काँगोचा दक्षिण भाग या पट्ट्यात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गवताळ रानं पेटतात, फर्म्सच्या, म्हणजे नासाच्या उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या नकाशावर लाल ठिपक्यांचा सडा पडतो, धूर पश्चिमेला निघतो आणि समुद्रावर थोडं पुढे गेला की ट्रू कलर इमेजमध्ये, म्हणजे डोळ्याला दिसेल तशा रंगातल्या उपग्रहाच्या फोटोत, गायब. वहीत मी सरळ नोंद केली होती, "धूर किनाऱ्यापाशी विरला". ती नोंद चुकीची होती, आणि चूक कशी कळली ते नीट सांगते कारण ढगांवरून जाणाऱ्या कुठल्याही धुराच्या बाबतीत हे होऊ शकतं.

तिथे समुद्रावर त्या महिन्यांत खालच्या ढगांची अफाट चादर पसरलेली असते, आणि धूर तिच्या वरून जातो, बऱ्याचदा दोन ते पाच किलोमीटर उंचीवरून, कारण त्या उंचीवर पूर्वेकडून वाहणारा जोरदार वारा असतो. गडद समुद्रावर धूर निळसर राखाडी उठून दिसतो, पण पांढऱ्या ढगावर नजर चुकते. ऑगस्टमधली एक इमेज वर्ल्डव्ह्यूवर (नासाची उपग्रह-चित्रं पाहायची साइट) पूर्ण झूम करून बसले होते तेव्हा लक्षात आलं की दक्षिणेकडचा ढग चुन्यासारखा पांढरा आहे आणि उत्तरेकडचा मळलेला, धुऊन धुऊन पिवळट पडलेल्या धोतरासारखा, आणि या दोन्हींच्या मधली कड चक्क धुराच्या लोटाच्याच दिशेने जातेय. तोच धूर होता!

मग सेंटिनेल-५पी या उपग्रहाचा एरोसोल इंडेक्स लेयर लावला, म्हणजे हवेतले धूर-धुळीचे बारीक कण दाखवणारा. हा अतिनील प्रकाशावर चालतो, खालचा ढग अतिनील प्रकाश परत फेकतो आणि वरचा धूर तो शोषतो, त्यामुळे ढगावरचा धूर उलट जास्तच ठळक येतो. माझा "विरलेला" पट्टा सरळ अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाच्या दिशेने गेलेला, अंगोलाच्या किनाऱ्यापासून जवळपास ३००० किमी. त्या संध्याकाळी मी दोन्ही सीझनच्या नोंदी परत काढल्या आणि एकेक तारीख तपासत बसले.

पण या इंडेक्सवर डोळे मिटून विसंबू नका. आगीजवळचा जमिनीलगतचा ताजा धूर त्यात फिका येतो, वाळवंटी धूळही धुरासारखीच वर येते, आणि समुद्रावर सूर्याची चमक पडते तिथे खोटे आकडे येतात. म्हणून मी शेजारी कार्बन मोनॉक्साइड या आगीतून निघणाऱ्या वायूचा लेयर लावते. धूर पावसाने धुतला जातो, हा वायू पावसाने जात नाही, काही आठवडे टिकतो, त्यामुळे धूर संपला तरी हवा कुठून आली ते कळतं.

फर्म्सच्या ठिपक्यांबद्दल एक. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या सेन्सरचा ठिपका ३७५ मीटरच्या पिक्सेलचा, दुपारी आणि रात्री दीडच्या आसपासच्या फेरीतला, त्यामुळे मधल्या वेळात पेटून विझलेली किंवा दाट ढगाखालची आग त्यात नाहीच. ठिपके कमी म्हणजे धूर कमी असं मी आता लिहीत नाही. आणि अंगोलाच्या किनाऱ्यासमोर भर समुद्रात रोज रात्री त्याच जागी ठिपके दिसले तर ते तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जळणारा गॅस आहे, वणवा नाही.

सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र ७-२-१ बँडची, म्हणजे सेन्सरचे ७, २ आणि १ नंबरचे बँड (तरंगलांबीचे पट्टे) जोडून केलेल्या इमेजची; यातला ७ नंबर डोळ्याला न दिसणारा, दोन मायक्रॉनच्या आसपासचा. धुराचे कण इतके बारीक की दोन मायक्रॉनच्या आसपासची लहर त्यातून जवळजवळ सरळ आरपार जाते, म्हणून ट्रू कलरमध्ये नुसता राखाडी गोळा दिसतो तिथे या जोडणीत खालची जळालेली लालसर तपकिरी जमीन दिसू लागते, धूर पातळ निळा उरतो. दोन्ही लेयर एकावर एक ठेवून स्लायडर ओढला की आगीची कड कुठवर आलीय ते थेट दिसतं, मी हे दिवसातून चारदा करते.

सध्या मेटिओसॅट या हवामान उपग्रहाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या फ्रेम्स जोडून लोटाच्या टोकाचा वेग मोजतेय, ढग मध्ये आला की टोक हरवतं हीच मोठी अडचण. पुढचं काम धुराच्या उंचीचं. ती मोजणारा कॅलिप्सो उपग्रह २०२३ मध्ये बंद झाला, पण २०२४ मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावर लायडार (लेसरने उंची मोजणारं यंत्र) आहे, त्याची फेरी माझ्या पट्ट्यावरून गेलेली एखादी तारीख शोधतेय. कुणाकडे सप्टेंबरमधली अशी धूर आणि फेरी एकाच दिवशी असलेली जोडी असेल तर तारीख टाका, मी त्याच दिवसाचा एरोसोल इंडेक्स लावून पाहते.