झोपेच्या वहीतली इतर पानं

मंगळवार, रात्री

डॉक्टरांनी वही घालायला सांगितली ती झोपेसाठी. आडवं कधी झालो, डोळा कधी लागला, जाग कधी आली, दिवसात काय काय केलं, एवढंच लिहायचं. पण हातात पेन आलं की माझ्यातला मेहताजी गप्प बसत नाही. रकाने आखून झाले, आता खालच्या मोकळ्या जागेत बाकीचंही उतरवतो.

आज मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन आलो. सांगलीत डॉक्टर नाहीत असं नाही, पण सांगलीत मला मार्केट यार्डातले हमाल, अडते, हळद घेऊन येणारे शेतकरी असे सगळेच ओळखतात. मिरज सोयीची. तिथं निम्मं जग दवाखान्यालाच आलेलं असतं, त्यामुळं ‘इकडं कुठं?’ असं कुणी विचारत नाही. तरी बसमध्ये एक पाहुणे भेटलेच. त्यांचं गुडघ्याचं होतं. ‘तुमचं काय?’ म्हणाले. ‘झोपेचं,’ म्हणालो. खोटं नव्हतं.

नंबर येईपर्यंत डोक्यात एकच घोळत होतं, की आत जाऊन सांगायचं काय? माझ्याकडं सांगण्यासारखं दुःखच नाही. घराचं कर्ज फिटलंय. पोरगं बारावी झालं. आई सत्तरीतही स्वतःचं स्वतः करते. शेठ भला माणूस आहे. 2019च्या महापुरात गावभागातल्या घरात छातीएवढं पाणी होतं, तेव्हा मी ठणठणीत होतो. चिखल उपसला, पंचनाम्यासाठी खेटे घातले, शेजारच्या आजींचं कपाटसुद्धा उचलून ठेवलं. तेव्हा हातपाय गाळले असते तर सगळ्यांना पटलं असतं. आता सगळं जागच्या जागी असताना पहाटे साडेतीनला खाडकन जाग येते, छातीत धडधडतं आणि उजाडूच नये असं वाटतं.

यार्डात तर कमालच. शेतकऱ्याची पट्टी करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचं काम. पोती, वजन, सौद्यात फुटलेला दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. समोरचा चहा पिईपर्यंत पट्टी त्याच्या हातात. हल्ली वजनाचा आकडा वाचतो, कागदावर मान घालतो आणि आकडा गेलेला असतो. पुन्हा वर बघायचं. राजापुरी हळदीच्या ऐन हंगामात एका पट्टीला अर्धा तास. शेतकरी बिचारा काही बोलत नाही, टोपी काढून पुन्हा घालतो.

घरी, दारी, यार्डात सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘कशाचं टेन्शन घेतलंय?’ ‘कशाचंच नाही’ म्हटलं की त्यांना वाटतं मी लपवतोय.

डॉक्टरांनी ते विचारलंच नाही. आधी एक कागद भरायला दिला, मराठीत. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण, सगळे मिळून सत्तावीस. मी बाहेरच बेरीज करून टाकली, सवयच आहे. सतरा. दहाच्या पुढं गेलं की नीट लक्ष घालावं लागतं, पण नुसत्या बेरजेवर निदान होत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मग त्यांचे प्रश्न. भूक? वजन? बीपी, शुगर? दारू? घरात आणखी कुणाला असा त्रास?

इथं मला धाकटे काका आठवले. दिवसचे दिवस ओट्यावर बसून असायचे, कुणाशी बोलणं नाही. त्यांना नरसोबाच्या वाडीला नेलं होतं, तिथं पारायणाला बसवलं, गळ्यात काळा दोरा आला. घरात त्यांचा विषय ‘जरा तिरसट होते’ एवढ्यावर संपतो. डॉक्टरांनी ते एका ओळीत लिहून घेतलं. काकांबद्दल कुणीतरी सरळ काहीतरी लिहिलंय, असं मी प्रथमच बघितलं.

नवव्या प्रश्नाला मी ‘काही दिवस’वर खूण केली होती. तिथं डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मरावंसं वाटतं का? काही ठरवलंय का? मी म्हटलं, तसं नाही, पण झोपेतच गेलो तर बरं, असं कधीकधी येतं मनात. हे कुणापुढं बोललो नव्हतो. ते दचकले नाहीत. ‘घरात एकाला तरी हे सांगायचं. आणि विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं,’ म्हणाले. हिला बाहेर बसवलं होतं, आत बोलावून तिच्यासमोर मला सांगायला लावलं. बसमध्ये ती सांगलीपर्यंत माझं मनगट धरून होती. ओळखीचं कुणी बघेल याची मलाच लाज वाटत होती, तिला नाही.

शुक्रवार

गोळी सुरू झाली. एसिटालोप्राम, सुरुवातीला पाच मिलिग्रॅम, नाश्त्यानंतर. पहिले काही दिवस मळमळेल, अस्वस्थही वाटेल. खरा फरक पडायला दोन ते चार आठवडे, पूर्ण गुण यायला त्याहून जास्त. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही, कमी करायची तर विचारून, हळूहळू. झोपेची वेगळी गोळी दिलीय पण थोड्याच दिवसांपुरती, तिची सवय लागते. केमिस्टनं चिठ्ठी वाचून माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम त्याच्याकडं बघितलं.

आईला ‘डोक्याची गोळी’ एवढंच कळलंय. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या घेऊन आली, ‘बस हितं’ म्हणाली. बसलो. तिनं उतरवून टाकल्या. दोन्ही उपचार एकाच आठवड्यात सुरू झाले म्हणायचे. गुण आला तर श्रेयावरून भांडण ठरलेलं.

हे सगळं सुरू कसं झालं तेही लिहून ठेवतो. असंच पहाटे जागा होतो. 14416 हा टेली-मानसचा नंबर कधीतरी पेपरातून कापून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवला होता. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली फोनसेवा, फुकट, चोवीस तास. भाषा निवडायला सांगितली, मराठी दाबलं. पलीकडं बाईंचा आवाज होता. ‘मला काही झालेलं नाही,’ अशीच सुरुवात केली मी! त्या म्हणाल्या, ‘बरं. झोप कशी आहे?’ तिथून मी जे बोलत सुटलो ते आईच्या खोलीतला दिवा लागेपर्यंत. शेवटी त्यांनी सांगितलं, डॉक्टरांना दाखवा. सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढा, नाहीतर खाजगीत जा, पण जा. खाजगीत गेलो, कारण सिव्हिलच्या रांगेत ओळखीची माणसं भेटतात. ही माझी भिडस्त वृत्ती, तिला पैसे पडतात.

रविवार, दुपार

हिला एक शंका होती, ‘अहो, गोळ्या देणारे वेगळे आणि बोलणारे वेगळे का?’ मला तरी कुठं ठाऊक होतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं मानसोपचारात एमडी वगैरे केलेले, औषध तेच लिहितात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी लागते. नुसतं ‘समुपदेशक’ असा बोर्ड लावायला कुणी अडवत नाही, म्हणून नोंदणी क्रमांक विचारून घ्यायचा. विचारताना अवघडल्यासारखं होतं. पण आपण पोतं सोडून हळद बघितल्याशिवाय बोली लावतो का?

माझी मानसशास्त्रज्ञ वयानं माझ्या भाचीएवढी आहे. पहिल्या बैठकीत तिनंही ‘का’ विचारलं नाही. म्हणाली, काका, रोज एक गोष्ट ठरवायची आणि इच्छा नसली तरी करायची, इच्छा मागून येते. मी वाद घातला. इच्छा नसताना केलेल्याला काय अर्थ? ‘करून बघा, वहीत दहापैकी किती बरं वाटलं ते लिहा.’ काल संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन आलो. दहापैकी दोन. आज गेलो नाही. ऊन फार आहे. (हेही लिहायचंय म्हणे.)

पैशाचं म्हणाल तर झळ बसते. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मनाचे आजार शरीराच्या आजारांसारखेच धरायला लावलेत. पण माझ्या पॉलिसीत दवाखान्यात भरती झालं तरच पैसे, तपासणीची फी आणि महिन्याच्या गोळ्या खिशातून. एजंटला विचारलं तर म्हणाला, ‘कुणासाठी विचारताय?’ मीही म्हणालो, ‘माझ्यासाठी.’ तो एकदम पावसापाण्यावर घसरला.

गुरुवार, रात्री

रक्ताचे रिपोर्ट आले. थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन ठीक, बी-बारा कमी. घरात सण झाला. ‘बघा, म्हणजे हेच होतं!’ ही म्हणाली. आई म्हणाली, ‘मी सांगत होते, दूध पीत नाही.’ मलाही क्षणभर हलकं वाटलं. एकदाचं कारण सापडलं, चारचौघांत सांगता येईल असं, इंजेक्शन घेतलं की मिटणारं. फोनवर डॉक्टर म्हणाले, बी-बारा भरून काढू, त्यानं थकवा वाढत असेलही, पण आधीची गोळी आणि बैठका चालूच राहणार. सगळ्याचा बोजा एकाच गोष्टीवर टाकू नका.

तेव्हा मंगळवारी पुन्हा मिरज. कागदावर लिहून ठेवलंय: मळमळ कमी झाली, पहाटेची जाग अजून आहे पण धडधड कमी, शेठना सांगावं का, हंगाम संपेपर्यंत सुट्टी घेता येणार नाही.

जेवताना पोरानं सरळ विचारलं, ‘बाबा, तुम्हाला डिप्रेशन आहे का?’ आईचा घास थांबला. ‘हो,’ म्हटलं, ‘डॉक्टर तसंच म्हणतात.’ ‘मग मंगळवारी मी सोडतो तुम्हाला गाडीवरनं.’

लायसन्स अजून शिकाऊ आहे त्याचं. बसनंच जाऊ म्हटलं, तू चल बरोबर.