एक टीएमसी म्हणजे नेमकं किती पाणी?

पावसाळा लागला की पुण्याच्या पेपरात रोज एक चौकट येते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि पुढे टीएमसीचे आकडे. चारही धरणं भरली की एकूण उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी. कित्येक वर्षं मी ही चौकट वाचत आलो, पण कळायची ती फक्त टक्केवारी. पाणी काही डोळ्यांसमोर यायचं नाही. धरणांखालच्या मुठा नदीकाठी राहणाऱ्याचं एवढ्यावर भागत नाही, म्हणून शेवटी वही-पेन घेऊन बसलो.

एक टीएमसी (थाउजंड मिलियन क्युबिक फीट) म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. आधी टँकर मोजले. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २८ लाखांवर टँकर लागतात. एकामागे एक उभे केले तर रांग पृथ्वीला अर्ध्याहून जास्त वेढा घालेल. ऐकायला जबरदस्त, पण २८ लाख टँकर कुणी पाहिलेत? न दिसणारा एक आकडा गेला आणि तसाच दुसरा आला. बातम्यांत अशा तुलना सर्रास असतात. मला त्या निरुपयोगी वाटतात.

मग घनमूळ काढलं. शंभर कोटींचं घनमूळ बरोब्बर हजार! म्हणजे हजार फूट लांब, हजार फूट रुंद, हजार फूट उंच अशी एकच टाकी. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर, आणि तेवढं तर चालून बघता येतं. सकाळी सरळ रस्ता गाठून चाललो. चारेक मिनिटांत अंतर संपलं. मागे वळून पाहिलं तर जिथून निघालो ती चहाची टपरी दिसत होती, पाटीवरची अक्षरं मात्र लागत नव्हती. तेवढंच आडवं आणि तेवढंच वर, शंभर मजल्यांइतकं, सगळं पाणी. तळाची जागा फक्त २३ एकर. हेच पाणी फूटभर उंचीनं पसरलं तर २३ हजार एकरांवर पोटरीपर्यंत उभं राहील.

वापराचा हिशोब त्यानंतर सोपा गेला. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण. गळती न धरता, पन्नास लाख वस्तीला एक टीएमसी ४२ दिवस पुरतं.

राहिला विसर्ग, म्हणजे धरणातून नदीत सोडलेलं पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, पंधरा लिटरच्या जवळजवळ दोन बादल्या. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी जातं. हा आकडा हाती आला आणि खडकवासल्यातून एवढं पाणी का सोडावं लागतं, हे कोडं सुटलं. चार धरणांच्या साखळीला नाव याचं, पण याचा स्वतःचा उपयुक्त साठा जेमतेम १.९७ टीएमसी, पानशेतचा १०.६५ आणि वरसगावचा १२.८२. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, तेव्हा विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेक होता. या वेगानं दिवसाला तीन टीएमसी जातात. वरून येणारं पाणी थांबलं असतं तर खडकवासल्याचा अख्खा साठा सोळा तासांत संपला असता. उलट तेवढंच पाणी वरून येत असेल, तर रिकामं धरणसुद्धा सोळा तासांत काठोकाठ भरतं. पाऊस कोसळत असताना एवढ्याशा धरणानं पाणी अडवून धरावं तरी किती वेळ?

आता पेपरात विसर्गाचा आकडा दिसला की मी त्याला साडेअकरा हजारांनी भागतो आणि आधी खडकवासला किती भरलंय ते बघतो. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही हा भागाकार शिकवलाय.