दहाही जणी पेंगल्या होत्या

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार, रात्री उशिरा.

सकाळी वेदीवर जांभळं वस्त्र चढलं, पहिली मेणबत्ती लागली आणि पाठ निघाला बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय: येशू पुन्हा येणार आहे, पण केव्हा ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून जागे राहा. नोहाच्या दिवसांत लोक खातपीत होते, लग्नं करत होते, आणि जलप्रलय येऊन सगळ्यांना घेऊन जाईपर्यंत त्यांना काही समजलं नाही. दरवर्षी मी इथेच अडते. येशू इथे त्यांचा एकही गुन्हा सांगत नाही. खाणंपिणं, लग्नकार्य, एवढंच. संसारात ते इतके गर्क झाले की देवासाठी जागाच उरली नाही. आमच्या बेळगावकडे आत्ता हेच दिवस चाललेत. सुगी आटोपत आली, भाताची पोती घरात आली, तुळशीची लग्नं झाल्यापासून कार्यालयं मिळेनाशी झालीत. दिवस सुखाचे आहेत, म्हणूनच जपायला हवं.

उपासना सुटल्यावर पायरीवर एका मावशींनी माझा हात धरला. "पोरी, देवानं तारीख तेवढी सांगितली असती तर बरं झालं असतं नव्हं?" नातवाच्या फोनवर जगाच्या शेवटाचा महिना सांगणारा कुणाचा तरी व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. हात गार पडला होता त्यांचा.

मी त्यांना अमेरिकेतल्या विल्यम मिलरची गोष्ट सांगितली. त्याच्या अनुयायांनी येशू परत येण्याचा म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. कित्येकांनी उभं पीक कापलं नाही. दिवस आला तसा गेला. पुढे रेडिओवरच्या हॅरोल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितला, तोही गेला. ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला, असं येशूच म्हणतो. मग व्हिडिओवाल्याला कुठून कळली? मला या लोकांचा खरोखर राग येतो. भोळ्या माणसाचा विश्वास तारखेला टांगायचा आणि तारीख टळली की त्याला वाऱ्यावर सोडायचं.

"बरं, मग जागं राहायचं म्हंजे करायचं काय गं?" मावशींनी विचारलं. तेवढ्यात त्यांची रिक्षा आली.

दुपारी पुढचा अध्याय काढून बसले. दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारी, पाच शहाण्यांनी जादा तेल घेतलं, पाच मूर्खांनी नाही, आणि त्या तेल आणायला गेल्या तेव्हा लग्नघराचं दार बंद झालं: हा दाखला लहानपणापासून पाठ आहे, पण पाचवं वचन आज नीट वाचलं: वराला उशीर झाला तशा त्या सगळ्याच पेंगल्या आणि झोपी गेल्या. सगळ्या! शहाण्या पाचही. डोळा लागला म्हणून दार कुणालाच बंद झालं नाही. मध्यरात्री हाक आली तेव्हा तेल कुणाकडे होतं, एवढाच फरक. आणि ते तेल ऐनवेळी उसनं मिळत नाही. आईच्या प्रार्थनेवर माझं भागणार नाही, माझ्या प्रार्थनेवर माझ्या मुलाचं भागणार नाही.

उशीर का होतो, तेही येशूचा शिष्य पेत्र याने लिहून ठेवलंय. प्रभू दिरंगाई करत नाही. कुणाचाही नाश होऊ नये म्हणून धीर धरतो. म्हणजे आजचा दिवसही कुणासाठी तरी राखून ठेवलेला आहे.

त्याच अध्यायाच्या शेवटी जगाचा न्याय आहे: परत आलेला येशू राजा म्हणून बसतो आणि लोकांना उजवीकडे नि डावीकडे उभं करतो. तिथे राजा तारखेचं विचारतच नाही. भुकेल्याला जेवू घातलंत का, तहानेल्याला पाणी दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का, आजाऱ्याकडे गेलात का, बंदिशाळेत आलात का. अशा गरजूंसाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत, असं तो म्हणतो. उजवीकडचे आणि डावीकडचे, दोघेही एकच विचारतात: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? उजवीकडच्यांनाही पत्ता नव्हता. कुणी बघतंय, हिशेब मांडतंय, म्हणून त्यांनी केलंच नव्हतं. अंगवळणी पडलं होतं. मावशींना पुढच्या रविवारी हेच सांगायचं आहे, आणि तो व्हिडिओ त्यांच्यासमोर पुसून टाकायचा आहे.

'बंदिशाळेत' या शब्दावर मात्र मी बराच वेळ थांबले. वेंगुर्ला रस्त्याने उचगावकडे जाताना हिंडलग्याचा तुरुंग लागतो. बसमधून त्या भिंती पाहतच आम्ही मोठे झालो. आत कन्नड बोलणारे आहेत, मराठी बोलणारे आहेत, आणि ज्यांना भेटायला कुणीच येत नाही असेही असणारच. आमच्या मंडळीत नाताळच्या फराळाची आणि कॅरलची आखणी सुरू झालीय, ती व्हावीच. पण आत जायला परवानगी कुणाकडे मागायची, अर्जात काय लिहायचं, बायकांना जाता येतं का, हे बुधवारच्या प्रार्थनासभेनंतर पाळकसाहेबांना विचारणार आहे. दोन तरुण मुलं बरोबर यायला तयार आहेत.