सिल्व्हर मॉलमधून डेस्कटॉपची रॅम

इंदूरला कॉम्प्युटरचं सामान घ्यायचं म्हटलं की आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल. जेल रोडलाही दुकानं भरपूर, पण तिथे जोर मोबाइलचा. लोकमान्य नगरच्या मावशीच्या डेस्कटॉपची रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, वाढवायला मी आणि मावसभाऊ गेलो होतो. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, आणि रॅमची ४ जीबीची एकच स्टिक (पट्टी).

निघण्याआधी घरीच थोडा वेळ काढा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की किती स्लॉट भरलेत आणि स्पीड किती, ते कळतं. सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर कंपनी आणि पार्ट नंबरही सांगतं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग नाही. रॅमचे प्रकारही असतात: मावशीच्या बोर्डला लागते ती जुनी डीडीआर३, तिला २४० पिना, नंतरच्या डीडीआर४ ला २८८, खाचही वेगळ्या जागी. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही.

दुकानात ८ जीबीची डीडीआर३ बरीच स्वस्त दिसली. मावसभावाने विचारलं, “इंटेल पे चलेगी ना?” दुकानदार लगेच म्हणाला, “नहीं भैया, ये एएमडीवाली है.” म्हणजे इंटेलच्या नाही, एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवर चालणारी. जुन्या बोर्डवाल्यांनी हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण वरून दोन्ही सारख्याच दिसतात. शेवटी आम्ही जुनीच्या जोडीची, तिच्याच १६०० स्पीडची ४ जीबी घेतली. दोन सारख्या स्टिकनी ड्युअल चॅनेल चालतं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी काम करतात, आणि मावशीच्या कामाला ८ जीबी पुष्कळ. पक्कं बिल घ्या, स्टिकवरचं स्टिकर काढू नका. वॉरंटी त्याच्यावरच असते.

बसवताना वायर काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलासुरला करंट जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, मगच स्टिक कडेने धरली. जुनी काढून तिच्या सोनेरी पिना खोडरबराने हलक्या पुसल्या. स्लॉटच्या क्लिपा उघडा, खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ दाबा. जोर बराच लागतो, घाबरू नका. क्लिपा ‘टक्’ करून आपोआप मिटल्या की बसली. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरतात, तरी मॅन्युअल बघाच.

चालू केल्यावर ८ जीबी दिसली, तरी विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक, म्हणजे रॅमची तपासणी, एकदा चालवा. स्टिक खराब निघालीच तर बदलून घ्यायला लगेच जाता येतं.