नेपच्यून सापडला, वल्कन नाही

"विज्ञानाने सिद्ध केलंय" असं कोणी ठासून म्हटलं की मला बुध ग्रह आठवतो. कारण सिद्ध म्हणायचंच तर न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाइतकी भक्कम थिअरी दुसरी कुठली होती, १६८७ पासून दोनशे वर्षं भरती-ओहोटी काय, धूमकेतू काय, सगळ्याचा हिशोब लागत होता. युरेनस गणितापेक्षा जरा वेगळा चालतोय असं दिसलं तेव्हा फ्रान्सच्या ल वेरिए या खगोलशास्त्रज्ञाने न्यूटनवर शंका नाही घेतली, पलीकडे अजून एक ग्रह ओढत असणार असं धरून त्याची जागा कागदावर काढली, आणि १८४६ मध्ये बर्लिनला गालेने दुर्बीण लावली तर पहिल्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला! आजही वाचताना अंगावर काटा येतो.

मग याच ल वेरिएने १८५९ ला बुध हातात घेतला. बुधाची कक्षा हळूहळू फिरत जाते, आणि बाकी ग्रहांची सगळी ओढ धरली तरी शतकाला साधारण ४३ आर्कसेकंद उरतातच (एका अंशात ३६०० आर्कसेकंद, बघा किती बारीक फरक). त्याने परत तोच उपाय केला, सूर्याजवळ एक ग्रह असणार म्हणाला, त्याचं नाव वल्कन. लोकांनी तो खग्रास ग्रहणात शोधला, काहींना दिसल्यासारखाही वाटला, पण तो नव्हताच. यावेळी चूक थिअरीतच होती, १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या थिअरीच्या गणितातून ते ४३ बरोब्बर निघाले.

पण म्हणून "थिअरीच तर आहे, सिद्ध कुठे झालीय" म्हणत उत्क्रांती उडवून लावणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. न्यूटन मोडीत निघाला नाही, यानांच्या मार्गाचं बहुतेक गणित आजही त्याच्यावरच चालतं आणि आइन्स्टाइनलाही न्यूटनची बरोबर आलेली सगळी उत्तरं परत द्यावीच लागली. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, त्याचा हिशोब मात्र आइन्स्टाइनशिवाय जमत नाही. माझा विश्वास बसतो तो या असल्या हिशोबांवर, कोणी सिद्ध झाल्याचा शिक्का मारला म्हणून नाही.

आता डार्क मॅटरचं बघा, दीर्घिकांच्या कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने फारच जोरात फिरतात, म्हणून न दिसणारं काहीतरी आहे असं धरलंय. हा नेपच्यून की वल्कन? मला नेपच्यून वाटतो, कारण दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतल्या वस्तुमानाच्या ओढीने किती वाकतो त्यातूनही तेच दिसतं, पण त्याचा एकही कण अजून कोणाच्या हाताला लागलेला नाही.